याकूबभाईंचा लॉर्ड

याकूबभाई मुकादम यांनी एका इंग्रज लॉर्डच्या चरित्रावर तेवीस वर्षे काम केले. हस्तलिखिताची पाने चारशे बारा. मी ती दोनदा मोजली. पहिल्या वेळी चारशे अकरा भरली, कारण याकूबभाई वर्षभर सौदीतल्या जिझानला होते तेव्हा तिथल्या दमट हवेत दोन पाने एकमेकांना चिकटली होती. छापून आलेली पाने शून्य.

लॉर्डचे नाव मी इथे लिहीत नाही. ते शोधून काढण्याचे श्रम याकूबभाईंचे, तेव्हा ते त्यांच्या पुस्तकातूनच लोकांना कळावे. अठराव्या शतकातला माणूस. एका ड्यूकचा तिसरा मुलगा. "थोरल्याला जमीन, मधल्याला चर्च आणि तिसऱ्याला तलवार," याकूबभाई सांगत, जणू त्यांच्या आळीतल्याच एका घराची वाटणी झाली होती. सोळाव्या वर्षी पलटणीत गेला, युरोपातल्या एका लढाईत डाव्या हाताची दोन बोटे गमावली, मग हिंदुस्थानात आला आणि लढायचे सोडून बोलणी करायला लागला. कैद्यांची अदलाबदल हे त्याचे काम. या छावणीतून त्या छावणीत, या दरबारातून त्या दरबारात जाऊन तो दुसऱ्यांना सोडवत असे.

आम्ही दोघे जेद्दाच्या एका कंत्राटदार कंपनीत होतो. समुद्राचे पाणी गोडे करण्याच्या प्रकल्पांसाठी पाइपलाइनी आणि टाक्या बांधण्याचे काम. मी प्लॅनिंगला, म्हणजे कुठले काम किती दिवसांत होईल याचे तक्ते करणारा. याकूबभाई डॉक्युमेंट कंट्रोलर. रास अल खैरच्या साइटवरून येणारे प्रत्येक ड्रॉइंग, प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचे. त्यावर ते पोचेचा शिक्का मारत, तारीख आणि वेळ घालत, सही करत, सहीखाली पूर्ण नाव आणि नावाखाली स्वतःचा इकामा नंबर लिहीत. इकामा म्हणजे आमचा इथे राहण्याचा परवाना. इतके कुणी मागत नसे. मी एकदा विचारले, तर म्हणाले, "करमरकर, याकूब नावाचे या कंपनीत सहा आहेत. कागद कुणी घेतला ते कळायला नको?"

बुटके, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, त्यातले एक लाल. नमाजाची टोपी चौकोनी घडी करून त्याच खिशात. बोलणे हळू आणि स्वच्छ, बाणकोटच्या बाजूचे. शाळा मराठी, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा चांगले. त्यांचा एक प्रश्न ऑफिसात सगळ्यांना पाठ होता: "कागद आहे?" तुम्ही काहीही सांगा, ड्रॉइंग मंजूर झाले, पंप बोटीवर चढला, अमक्याला मुलगा झाला, याकूबभाई चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कागद आहे?"

एकदा मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, स्वतः त्यांच्या टेबलापाशी आला. मंगळवारी आलेल्या एका पत्रावर त्याला रविवारची तारीख हवी होती.

"याकूब, जस्ट वन स्टॅम्प. यल्ला, क्विक."

"सर, लेटर केम ट्यूसडे."

"आय नो इट केम ट्यूसडे!"

"देन सर ऑल्सो नोज," याकूबभाई म्हणाले आणि पत्र जागेवर ठेवले. मुदीर हसला, मग चिडला, मग निघून गेला. शिक्का मंगळवारचाच राहिला. त्या महिन्यात याकूबभाईंची बसण्याची जागा खिडकीपासून हलवून झेरॉक्स मशीनच्या मागे गेली. ते म्हणाले, "बरं झालं. इथं कागद जवळ पडतात."

लॉर्ड त्यांच्या आयुष्यात आला तो असा. बाणकोटच्या खाडीलगत त्यांचे गाव. तिथला किल्ला एके काळी इंग्रजांकडे होता. मुकादमांच्या घरात एक गोष्ट सांगतात. ओहोटीच्या वेळी एका गोऱ्या साहेबाची होडी काठापर्यंत येईना, मध्ये गुडघाभर चिखल. तेव्हा घरातल्या कुणा पूर्वजाने साहेबाला पाठीवर घेतले. अर्ध्या वाटेत साहेब घाबरून हातपाय झाडायला लागला. पूर्वज म्हणाला, "गप बस, नायतर टाकीन."

ही गोष्ट याकूबभाई लहानपणापासून ऐकत होते आणि तिचा कागद नव्हता. मग जेद्दाला आल्यावर, कंपनीतला एक म्हातारा इंग्रज इंजिनियर कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने टाकून दिलेल्या खोक्यात यांना एक जुने पुस्तक मिळाले. त्या लॉर्डने बहिणीला लिहिलेली पत्रे. त्यात बाणकोटहून लिहिलेल्या एका पत्रात दीड ओळ होती: गावातल्या एका मुसलमानाने मला पाठीवरून चिखलापार नेले, तो वाटेत सतत काहीतरी पुटपुटत होता.

"पुटपुटत होता!" याकूबभाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून मला दाखवले. "तेच ते. गप बस, नायतर टाकीन."

"पण हा तुमचाच पूर्वज कशावरून?" मी विचारले.

"गाव जुळतं, काळ जुळतो, चिखल जुळतो."

"नाव?"

त्यांनी वही उघडून दाखवली. इंजिनियरिंगच्या ड्रॉइंगमध्ये एखादी माहिती यायची बाकी असली की त्या जागेभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढतात आणि आत 'होल्ड' लिहितात. तेवढा भाग सोडून बाकीचे काम पुढे चालू राहते. याकूबभाईंनी चरित्रात तेच केले होते. 'पाठीवरून नेणाऱ्याचे नाव', त्याभोवती पेन्सिलीचा ढग, आत 'होल्ड'. आपल्याच घरातला माणूस, आपल्याच घरातली गोष्ट, पण कागद नाही तोवर नाव नाही.

त्या दीड ओळीवरून त्यांनी लॉर्डचे सगळे आयुष्य धरले. पगारातून पुस्तके मागवली, इंग्रजी सुधारले. प्रत्येक प्रकरणाला ड्रॉइंगसारखा रिव्हिजन नंबर. 'बालपण, रिव्हिजन सात.' 'दोन बोटे, रिव्हिजन चार.' जुन्या प्रतीवर लाल शिक्का: रद्द. आम्ही जेवायला एकत्र बसत असू. त्यांच्या डब्यात भात आणि सुकट, माझ्या डब्यात पोळीभाजी, आणि मध्ये लॉर्ड. "साहेबांना कालपासून ताप आहे," ते सुकटीचा डबा उघडत सांगत, आणि मी नकळत विचारी, "उतरला का?"

सगळ्यात जास्त रिव्हिजन झाल्या त्या एका प्रकरणाच्या. कैद्यांच्या बोलणीसाठी लॉर्ड दख्खनच्या एका दरबारात गेला होता. बोलणी झाली, कैदी सुटले. पण लॉर्डला निघता येईना. त्या वेळची रीत अशी की परक्या वकिलाने दरबाराचा निरोप घेतल्याशिवाय जायचे नाही. निरोपाचे विडे मिळाले, वस्त्रे मिळाली की रस्ता मोकळा. तसे निघून जाणे म्हणजे दरबाराचा अपमान. आणि दरबार काही विडे देईना. लॉर्ड बहिणीला लिहितो: आज नवव्यांदा रजा मागितली, मंत्री आजारी आहेत म्हणाले. दहाव्यांदा मागितली, नदीला पूर आहे म्हणाले. अकराव्यांदा मागितली, दिवस चांगला नाही म्हणाले. असे अकरा महिने.

"बुकरा, इन्शाअल्ला," मी म्हणालो. उद्या, देवाची इच्छा असेल तर. इथल्या प्रत्येक खिडकीवर ऐकू येणारे उत्तर. याकूबभाईंना इतके हसू आले की त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या प्रकरणाच्या शेवटी मोठा ढग होता. दरबारातले शेवटचे पत्र आणि नंतर एकदम जहाजावरून लिहिलेले पत्र, यांच्यामध्ये एक्केचाळीस दिवसांची फट. निरोप मिळाला कसा, कुणी दिला, का दिला, याचा कुठेही उल्लेख नाही.

"लिहून टाका की, मग निरोप मिळाला," मी म्हणायचो. "जहाजावर पोचला म्हणजे मिळालाच असणार."

"पळून गेला असेल तर? कागद आहे?"

त्यांच्या पत्नी जुलेखाभाभी एकदा मक्केला उमऱ्याच्या यात्रेसाठी आल्या होत्या तेव्हा आमच्याकडे जेवायला आल्या. उंच, मोकळ्या हसणाऱ्या, याकूबभाईंपेक्षा चार बोटे उंचच. माझ्या बायकोने, सुनीताने, विचारले, "भाभी, इतकी वर्षं एकट्या राहता. कसं वाटतं?"

"एकटी कुठं हो वहिनी? सवत आहे ना. दोन बोटं तुटलेली, गोरीपान." मग नवऱ्याकडे वळून, "काय हो, सुटली का दरबारातून?"

"अजून कागद नाही."

"बघा. मला सांगतात, लॉर्ड सुटला की नोकरी सोडून घरी येतो. अहो, तुम्हीच तिला अडकवून ठेवलंय, दरबाराला कशाला बोल लावता?"

माझी मुलगी ईशा तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, "अंकल, व्हाय डोन्ट यू जस्ट इमॅजिन इट?" याकूबभाईंनी तिला आपल्या बरोबरीच्या माणसासारखे उत्तर दिले, "बेटा, उद्या कुणी माझ्याबद्दल असंच इमॅजिन केलं तर?"

भाभींना तेव्हाच मधुमेह होता. पुढे डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, आणि हेही सांगितले की उपयोग होईलच असे नाही, नजर हळूहळू कमी होत जाईल. याकूबभाईंनी रजा मागितली. जाऊन परत येण्याचा व्हिसा मिळाला. तिकीट निघाले. त्यांनी बाजारातून भिंतीवरचे एक घड्याळ घेतले, तळहाताएवढे मोठे आकडे असलेले. "तिला लांबून दिसावं म्हणून," ते म्हणाले. आणि मग, माझ्याकडे न बघता, "तिची नजर आहे तोवर पोचायचं आहे. तिनं मला बघावं, एवढंच."

त्या तिकिटाच्या एकोणीस दिवस आधीची गोष्ट आता लिहिली पाहिजे.

कंपनीचे तेव्हा दिवस फिरले होते. एका पुरवठादाराने दावा लावला होता. मुदीरने आम्हा चारपाच जणांना बोलावून तोंडी सांगितले की कोर्टाकडून काही आले तर कुणी घ्यायचे नाही. मी ते ऐकले. याकूबभाईंनीही ऐकले, पण त्यांच्या लेखी ते झालेच नव्हते. "तोंडी सूचना मी रजिस्टरला कशी लावू?" ते मला म्हणाले.

कोर्टाचा माणूस आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. रिसेप्शनवर कुणी नव्हते. कॉरिडॉरमध्ये पहिले टेबल माझे. त्याने लिफाफा पुढे केला. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. हे मला नीट आठवते. मग एक हात वर काढला आणि झेरॉक्स मशीनच्या दिशेने बोट दाखवले.

याकूबभाईंनी लिफाफा घेतला, शिक्का मारला, तारीख, वेळ, सही, पूर्ण नाव, इकामा नंबर. एकूण दोन मिनिटे. तो माणूस इतका खूश झाला की जाताना त्यांना सलाम करून गेला. बहुतेक ठिकाणी त्याला कुणी नावही सांगत नसणार.

एकोणिसाव्या दिवशी मी त्यांना विमानतळावर सोडून आलो. तीन तासांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच. "करमरकर, घरी पोचलात का? मग जरा परत या."

ते बाहेर बाकावर बसले होते. बॅग शेजारी, घड्याळाचे खोके मांडीवर. काउंटरवरच्या पोऱ्याने पासपोर्ट दोनदा स्कॅन केला आणि म्हणाला, "मम्नूअ." मनाई. कुणीतरी आत नेऊन कागद दाखवला. कंपनीविरुद्धच्या दाव्यात कंपनीचा प्रतिनिधी म्हणून एका माणसाचे नाव होते, आणि दावा मिटेपर्यंत त्या माणसाला देश सोडायला बंदी होती. प्रतिनिधी का, तर नोटीस त्याने घेतली होती. मालक आणि मुदीर दोघेही तोवर देशाबाहेर गेले होते. त्या सगळ्या फाइलमध्ये पूर्ण नाव आणि इकामा नंबरासह सापडणारा माणूस एकच होता.

गाडीत ते एकच वाक्य बोलले. "तिनं आज माशाचं कालवण करून ठेवलंय."

त्यानंतर काय काय केले याची यादी माझ्याकडे आहे. कोर्टाच्या खेपा बत्तीस. त्यातल्या चौदा खेपांना मी बरोबर होतो. वकील दोन. पहिल्याने सांगितले, कंपनीने दुसरा प्रतिनिधी दिला की यांचे नाव निघेल. पण कंपनीला कुलूप लागले होते. दुसरा प्रतिनिधी द्यायला तिथे पहिला माणूसच उरला नव्हता. दुसऱ्याने तेच सांगितले, जास्त वेळ घेऊन. भारतीय वकिलातीच्या कचेरीत गेलो. तिथे नीट ऐकून घेतले, चहा दिला, झेरॉक्स ठेवून घेतल्या. कुणी वाईट वागले नाही. प्रत्येक ठिकाणी याकूबभाईंचे कागद पूर्ण निघाले. अडचण तीच होती. एखादा कागद कमी असता तर तो आणता आला असता.

मला दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. याकूबभाईंचा इकामा संपला, तो नवा करायला कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आपला परवाना असतो तो मालक, जागेवर नव्हता. जुन्या बाजारात त्यांच्या गावाकडच्या एकाचे मसाल्याचे दुकान होते, त्याने वरच्या मजल्यावर खोली दिली. महिन्याभरात त्या दुकानातल्या प्रत्येक पोत्याला नंबर लागला. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, परवा मी स्वतःच्या दुकानातून वेलची घेतली, तर तुमच्या भाईंनी माझी सही घेतली!"

खोलीत ते मोठ्या आकड्यांचे घड्याळ भिंतीवर लावलेले होते. त्यात वेळ हिंदुस्थानची.

भाभींचे ऑपरेशन त्यांच्याशिवाय झाले. उजवा डोळा वाचला नाही. डावा थोडा राहिला. रोज दुपारच्या नमाजानंतर याकूबभाई त्यांना व्हिडिओ कॉल करत. मी अनेकदा तिथे असे. आधी खिशातून टोपी काढून घालत, आरशात बघत, मग फोन लावत.

पहिल्या वर्षी पलीकडून आवाज यायचा, "उजेडात या जरा. हां. वाळलात हो." ते खिडकीपाशी सरकत.

दुसऱ्या वर्षी, "अजून जवळ. अजून. आता नाक दिसतंय नुसतं." आणि दोघेही हसत.

मध्येच त्या विचारत, "लॉर्ड सुटला का?" आणि हे म्हणत, "अजून नाही."

तिसऱ्या वर्षी एका दुपारी ते खिडकीत उभे होते, तोंडावर पूर्ण ऊन, डोळे बारीक केलेले. पलीकडून त्या शांतपणे म्हणाल्या, "राहू दे. आवाज येतोय, पुरे."

ते तसेच उन्हात उभे राहिले. बोलणे नेहमीसारखे झाले, दुकानाचे, शेजारणीच्या कोंबड्यांचे. फोन ठेवल्यावर त्यांनी टोपी काढली, चौकोनी घडी केली, खिशात ठेवली.

मला राहवेना. मी म्हणालो, "याकूबभाई, त्या दिवशी तो माणूस आधी माझ्याकडे आला होता. मी बोट दाखवलं तुमच्याकडे. मला माहीत होतं ते काय आहे ते."

मला वाटले होते, ते रागावतील. निदान गप्प तरी बसतील. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, कामात चूक नसलेल्या माणसाकडे बघावे तसे.

"मग बरोबरच दाखवलंत. आलेला कागद कुणाकडे जायचा? माझ्याकडेच."

"पण तुम्ही घेतला नसता तर..."

"आलेला कागद आला नाही असं कसं म्हणायचं, करमरकर?" मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, "आणि आता घाई गेली. तिला दिसतंय तोवर पोचायचं होतं. आता मी कधीही गेलो तरी सारखंच."

मी जिना उतरून खाली दुकानात आलो.

पुढच्या हिवाळ्यात माझेच इथले काम संपले. ईशा पुण्याला कॉलेजात होती, सुनीता तिच्याबरोबर गेलेली. मी खुरूज निहाई घेतली, म्हणजे कायमचे जायची परवानगी. सरकारी ॲपवर ती मिळायला मला चार मिनिटे लागली. ही चार मिनिटे मी याकूबभाईंना सांगितली नाहीत. त्यांनीच विचारले, "किती वेळ लागला?" मी म्हणालो, "लागला थोडा."

निघायच्या दिवशी ते विमानतळावर आले. मी नको म्हणत होतो, संपलेल्या इकाम्यावर वाटेत कुणी अडवले असते तर. ते म्हणाले, "माझ्याकडे कोर्टाचा कागद आहे," आणि प्लास्टिकमध्ये घातलेला तो कागद दाखवला. हातात पुठ्ठ्याची जाड फाइल, दोरीने चारी बाजूंनी बांधलेली.

"चारशे बारा पानं. घरी द्या. माझी नात मराठी शाळेत जाते, ती आजीला वाचून दाखवील. रोज दोन पानं."

"आणि निरोपाचं प्रकरण?"

"त्यात ढग तसाच आहे. पोरीला सांगा, तिथं ढग आहे असं वाच. मध्ये काही घालू नकोस." मग हसले. "आमच्या माणसानं त्याला पाठीवरून आणला. तुम्ही आता पाठीवरच्या पिशवीतून न्या. हातपाय झाडायला लागला तर काय म्हणायचं ते माहीत आहे ना?"

"गप बस, नायतर टाकीन," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पोचेचा कागद काढला. जुन्या कंपनीच्या पद्धतीने स्वतः आखलेला, पांढरी प्रत आणि पिवळी प्रत, मध्ये कार्बन. दस्तऐवजाचे नाव, पाने, रिव्हिजन अकरा. घेणाऱ्याची सही. मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत सांभाळून सह्या केल्या. शक्य तिथे केल्याच नाहीत. तिथे ट्रॉलीच्या दांड्यावर कागद टेकवून मी सही केली, खाली पूर्ण नाव लिहिले, आणि इकामा नंबरच्या रकान्याशी थांबलो.

"ती जागा सोडा," याकूबभाई म्हणाले. "तुमचा संपला आता. त्या सहीचा तुम्हाला काही त्रास नाही."

ते सरळ मनाने म्हणाले. त्यांना तसेच म्हणायचे होते.

त्यांनी सही तपासली, पिवळी प्रत फाडून घडी केली, टोपीशेजारी ठेवली. मी रांगेत शिरलो. दोरीपलीकडून त्यांनी बोट करून दाखवले, "चौथा काउंटर. तिथं थांबवलं होतं मला." मला पाचव्यावर बोलावले. शिक्का बसायला काही सेकंद लागले. मी मोजले नाहीत.

पलीकडे गेल्यावर काचेतून मागे पाहिले. हजार एकशे सदतीस दिवसांपूर्वी ते बसले होते त्याच बाजूला ते चालले होते. दुपारच्या नमाजानंतरची वेळ होती. त्यांनी खिशातून टोपी काढली, घातली, दाराच्या काचेत बघून नीट केली. फोन काढला. मग इकडेतिकडे पाहिले, छतातल्या फटीतून ऊन खाली पडले होते ती जागा शोधली, तिथे जाऊन तोंड वर करून उभे राहिले, आणि नंबर लावला.